एक भाग मिरे

आमच्या नागपुरात आयुर्वेदिक औषध कंपनीच्या नावाचा चौक आहे, बैद्यनाथ चौक. जिथे ऑटोवाल्याला पत्ताच काढ्याचा सांगतात, तिथे विषाणू आला म्हणून डॉक्टरकडे आधी कोण जाणार?

2020 मध्ये आयुष मंत्रालयानं काढ्याचं माप दिलं: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरे एक. शेजारचे काकाजी खवळले. ‘‘एकच भाग? सावजी खाणाऱ्या माणसाले हे पुरते का बाप्पा?’’ त्यांनी मिरे चारवर नेले. कोरोना झाला नाही. पित्त मात्र असं खवळलं की ते शमवायला दुसरा काढा चढवावा लागला. पहिल्याचं श्रेय अजून चालू आहे.

मग कोरोनावरची गोळी म्हणून कोरोनिल आलं. जून 2020 मध्ये हरिद्वारहून घोषणा झाली तेव्हा राज्याचे गृहमंत्री होते काटोलचे अनिल देशमुख. नीट चाचण्या झाल्याशिवाय महाराष्ट्रात विकू देणार नाही, असं त्यांनी बजावलं. 19 फेब्रुवारी 2021 ला त्याच गोळीचा दिल्लीत पुन्हा सोहळा झाला. मंचावर केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन आणि आमचे खासदार नितीन गडकरी. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच दिवशी सांगून टाकलं की, कोविडसाठी कोणतंच पारंपरिक औषध आम्ही तपासलेलं किंवा प्रमाणित केलेलं नाही. चार दिवसांनी देशमुखांनी विक्रीला पुन्हा आडकाठी केली. एकाच जिल्ह्याचे दोन पुढारी, एक मंचावर आणि एक नाक्यावर. काकाजींनी निष्कर्ष काढला, ‘‘बंदी आहे म्हणजे माल अस्सल असन!’’ वर्ध्याची दारूबंदी शेजारून पाहिलेल्या माणसाला तुम्ही काय समजावणार?

15 मार्चला कोरोनामुळे शहर पुन्हा बंद झालं. गोळीला आधी मिळालेला परवाना तर प्रतिकारशक्ती वाढवण्याचा, खोकल्या-तापाचा होता. कोविड बरा होतो हा दावा मागे घ्या, असं सांगायला दिल्ली उच्च न्यायालयाला जुलै 2024 उजाडावा लागला. तोवर काकाजी पपईच्या पानांवर आले होते.

कारण डेंग्यू. ताप उतरता उतरता प्लेटलेट घसरतात आणि बहुतेकांच्या दोन-चार दिवसांत आपोआप चढू लागतात. नेमक्या त्याच सकाळी घरात कोणीतरी मिक्सर लावलेला असतो. पपईच्या पानांवर संशोधन झालंय, काहींत प्लेटलेट वाढल्याही. पण काकाजींच्या मिक्सरवर कोणाचीही चाचणी झालेली नाही. सोबत गुळवेलही सुरूच होती. एकदा हळूच म्हटलं, ‘‘काकाजी, गुळवेल जरा बेतानं घ्या. मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचं 2021 मध्ये लिहिलंय.’’ ते म्हणाले, ‘‘तिकडची वेल वेगळी असन.’’ मंत्रालयाचं उत्तरही जवळजवळ हेच होतं, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं.

त्यापेक्षा आमची मारबत बरी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे काळे-पिवळे पुतळे निघतात, अख्खं शहर तिला रोगराई घेऊन जायला सांगतं आणि ती काही न पाजता जाते. परवा काकाजी विचारत होते, ‘‘भाऊ, यंदा बडग्याचा पुतळा कशाचा करावा?’’

मी त्यांच्या गॅसवरच्या पातेल्याकडे पाहिलं. त्यांनी झाकण ठेवलं.