हात वर करून बघा

कपड्याच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये पुरुष एकाच मुद्रेत उभा असतो. पोट आत, छाती बाहेर, हात मांड्यांना चिकटलेले आणि श्वास रोखलेला, राष्ट्रगीत चालू असल्यासारखा. या मुद्रेत कुठलाही शर्ट कुणालाही बसतो, आणि दुकानांचा निम्मा धंदा त्यावरच चालतो. या मुद्रेत साल्सा मात्र करता येत नाही, हे ज्ञान मला पंचेचाळिशी उलटल्यावर, कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर, भर गर्दीत झालं.

साल्साकडे मी वळलो तो कोलेस्टेरॉलमुळे. डॉक्टर म्हणाले, चालत जा. सिंहगड गुडघ्यांना झेपत नाही आणि पर्वतीवर ओळखीचे फार भेटतात. बायको म्हणाली, "मग नाच." ती हे चिडून म्हणाली होती, हे क्लासची फी भरून घरी आल्यावर कळलं.

पावलं अवघड नाहीत. एक-दोन-तीन, पाच-सहा-सात, चौथ्या आणि आठव्या मात्रेला पाय थांबतात. आठ मात्रा म्हणजे आपला केरवाच की, असं मी शिकवणाऱ्या पोराला सांगितलं. त्यानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरी परीक्षा शनिवारी रात्री, 'सोशल'ला. तिथे दर गाण्याला जोडीदार बदलतो. अनोळखी बाईला अदबीनं विचारायचं, एक गाणं नाचायचं, आभार मानायचे आणि पुढची शोधायची. तुमचा उजवा हात तिच्या पाठीवर, तिचा डावा तुमच्या दंडावर किंवा खांद्यावर. म्हणजे एका संध्याकाळी तुमच्या शर्टाला डझनभर बायकांचा हात लागतो. आमच्या लग्नानंतर इतक्या लोकांनी माझ्या शर्टाची दखल घेण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, त्यामुळे मी खरेदीला लागलो.

पहिला घेतला तो जांभळा, चकाकणारा, सॅटिनसारखा दिसणारा पॉलिस्टरचा. डोक्यात १९७७ च्या 'सॅटर्डे नाइट फीव्हर'मधला जॉन ट्रॅव्होल्टा होता. तोही पॉलिस्टरमध्येच नाचला. पण त्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता, आणि त्याला घाम आला की कॅमेरा थांबवायची सोय होती. मुलीनं मला आरशासमोर पाहिलं आणि विचारलं, "बाबा, ऑर्केस्ट्रात लागलास का?"

पॉलिस्टरचा स्वभाव मी नंतर वाचून काढला. कापसाचं कापड साध्या हवेत आपल्या वजनाच्या ८.५ टक्क्यांपर्यंत ओल धरून ठेवतं, तर पॉलिस्टर जेमतेम ०.४. त्यामुळे त्या शर्टानं माझा घाम घ्यायला साफ नकार दिला. तो पाठीवरून थेट पँटच्या पट्ट्यापर्यंत उतरला आणि तिथे साठला. वास मात्र शर्टानं आनंदानं ठेवून घेतला. तीन धुण्यांनंतरही तो कपाटातल्या शेजाऱ्यांना त्रास देत होता.

मग सुती. शुद्ध, जाडसर, राखाडी. राखाडी रंग ऑफिसात सभ्य दिसतो, पण नाचाला तो निव्वळ चहाडखोर. ओला झाला की काळपट पडतो, आणि कुठे कुठे ओला झालाय ते खोलीभर सांगत सुटतो. शिवाय सुती कापड घाम पितं ते पितंच, पण लवकर सोडत नाही. चौथ्या गाण्यापर्यंत माझा शर्ट दुप्पट जड झाला होता. एका बाईंनी खांद्यावर हात ठेवला, तो उचलून दोन बोटांवर आणला आणि काळजीनं विचारलं, "बाहेर पाऊस आहे का?" एप्रिल चालू होता.

यावर जाणत्या मंडळींचं उत्तर सोपं असतं: लिनन घ्या. साल्साचं बरंचसं मूळ ज्या क्यूबात आहे, तिथला 'ग्वायाबेरा' शर्ट लिननचा किंवा सुती, ऐसपैस, चार खिशांचा, पुढे बारीक चुण्यांच्या उभ्या पट्ट्या असलेला आणि बाहेर सोडायचा. २०१० साली क्यूबाच्या सरकारनं तो सरकारी समारंभांचा अधिकृत पोशाखच करून टाकला. उकाड्यातली माणसं शहाणी असतात. मी त्यांच्याकडून फक्त लिनन घेतलं. बाकी माझा शर्ट स्लिम फिट, लांब बाह्यांचा, कफला शिंपल्याची बटणं असलेला, आणि तो मी पँटमध्ये खोचला.

बाईला गिरकी द्यायची तर हात वर जातो. हात वर गेला की मुंढा वर जातो, मुंढ्याबरोबर शर्ट, आणि शर्टाबरोबर खोचलेलं सगळं बाहेर. पहिल्याच गिरकीला माझ्या बेंबीला कोरेगाव पार्कचं दर्शन घडलं. ते झाकायला डावा हात घाईनं खाली आणला, तो नेमका जोडीदारणीच्या डोक्यावरून, आणि कफचं बटण तिच्या केसांत अडकलं. मी सोडवायला गेलो तशी बट आणखी गुंडाळली. संगीत काही थांबेना. तिची मान वाकडी, माझं मनगट तिच्या कानामागे, आणि आम्ही दोघं लाजेनं पावलं टाकतच राहिलो. एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. शेजारच्या जोडीतला तरुण थोडा वेळ निरखून म्हणाला, "हा मूव्ह कुठे शिकवतात?" शेवटी काउंटरवरून कात्री आली. "बटण कापा, केस नाही," एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या शिंप्याकडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हसला नाही, आणि म्हणाला, "साहेब, हात वर करा." फुटपाथवर, दूध घेऊन जाणाऱ्या दोन आजींच्या देखत मी हात वर केले. त्यानं काखेत बोट खुपसलं. "मुंढा खाली आहे. खाली असला की हात उचलताना सगळा शर्ट ओढला जातो. वर घेतला की फक्त बाही हलते. पाठीला खांद्यापाशी दोन चुण्या देतो. बाही अर्धी, बटण नको, खालची कड सरळ, खोचायचं नाही." रंग गडद निळा, त्यावर बारीक पांढरे ठिपके, म्हणजे घाम ठिपक्यांत हरवेल. कापड पातळ सुती. आणि एक भिजला की बदलायला आणखी दोन. हे गणित तो इतक्या सराईतपणे सांगत होता की मी विचारलं, "साल्साचे शर्ट शिवता?"

"ढोल-ताशा पथकांचे झब्बे शिवतो. ती पोरंही तासन् तास हात वर करून नाचतात." वहीत माझ्या नावापुढे त्यानं 'पथक' असंच लिहिलं.

आठवड्यानं शर्ट मिळाले. हात वर केले, शर्ट जागचा हलला नाही. गिरकी घेऊन पाहिली, आजी नव्हत्या. फक्त पोटाशी कापड जरा जास्तच सैल वाटलं.

"ते ढोल बांधायला ठेवलंय," तो म्हणाला.

"अहो, मी ढोल वाजवत नाही!"

त्यानं टेप गळ्यात अडकवली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाला, "असू द्या. भरेल."