पालथे मास्तर

नंदाखालच्या वाड्यांतून सकाळी फिरायला जाणाऱ्यांना एक सूचना द्यावीशी वाटते. केळीच्या बागेत, पाटाच्या कडेला, एखादा साठीपुढचा गृहस्थ चिखलात पालथा पडलेला दिसला तर धावत जाऊ नये. रुग्णवाहिका तर मुळीच बोलावू नये. विरारच्या नव्या इमारतींतून हवा खायला आलेल्या एका सज्जनाने ही चूक केली. ‘काका, बरे आहात ना?’ असं त्याने घाबऱ्या आवाजात विचारलं, तेव्हा जमिनीतून उत्तर आलं, ‘श्शू! उडेल ना ती!’

ती म्हणजे टाचणी. चतुराच्या गोतातली, पण बसली की बहुधा पंख मिटून घेणारी. पहाटे तिच्या अंगावर दव असतं आणि ऊन लागेपर्यंत तिला नीट उडता येत नाही, म्हणून मास्तर तिला सूर्योदयाआधी गाठतात. विरारहून पहिल्या गाड्या पकडणारे लोक ज्या वेळी धावत असतात, त्याच वेळी मास्तर लोळत असतात.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीच्या पैशांतून कॅमेरा घेतला तेव्हा घरच्यांना वाटलं, आता नातवंडांचे फोटो निघतील. अर्नाळ्याचा किनारा आहे, बावखलं आहेत, इतकं देखणं चर्च आहे. मास्तरांनी चर्चसमोर तिकाटणं मांडलं, चर्चकडे पाठ केली आणि कुंपणाच्या भिंतीवरच्या शेवाळाचा फोटो काढला. सुंदर गोष्टीचा फोटो कुणीही काढेल, हे त्यांचं एकमेव तत्त्व. त्यामुळे सुंदर काही समोर आलं की ते थोडे खट्टू होतात. मोगऱ्याच्या ताटव्यातून ते मान खाली घालून निघून जातात आणि खतखड्ड्यापाशी आले की त्यांचा चेहरा उजळतो. कुजक्या फणसाच्या खोडावरची बुरशी, गंजलेल्या रहाटावरचं जाळं, अळवाच्या पानावरून घरंगळणारा थेंब, पायरीखालचा वाणी किडा. घरातला झाडू बंद झाला आहे. ‘अहो, कोळिष्टकं काढू का?’ असं बाई आधी विचारतात. ‘कोळी गेला असेल तर काढ,’ असं उत्तर येतं. कोळी सहसा गेलेला नसतो.

जवळून टिपणारं खास भिंग महाग म्हणून मास्तरांनी साधंच भिंग उलटं करून कॅमेऱ्याला लावलं आहे. ही युक्ती जुनी आणि खात्रीची. एवढ्या जवळून फोटो काढताना स्पष्ट दिसणारा भाग मिलिमीटरभरसुद्धा नसतो. मुंगीचा डोळा साधला तर मिशा धुरकट, मिशा साधल्या तर मुंगी बेपत्ता. म्हणून मास्तर श्वास रोखतात आणि आपल्याबरोबर सगळ्यांनी तो रोखावा अशी त्यांची अपेक्षा असते. शेजारचा पाण्याचा पंपसुद्धा त्यांनी एकदा बंद करायला लावला होता. पान हलत होतं म्हणे.

भाच्याच्या लग्नात ठरलेला फोटोग्राफर आयत्या वेळी आजारी पडला आणि नातेवाइकांनी मास्तरांना गळ घातली. त्या लग्नाचा अल्बम मी पाहिला आहे. मांडवाच्या बांबूवर एक मुंगी आहे. तिच्या पायावरची लव मोजता येते. मागे पांढुरका ढग दिसतो, ती नवरी.

कुणी हसलं की मास्तर कार्ल ब्लॉसफेल्टला पुढे करतात. बर्लिनमध्ये कलेच्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या या माणसाने घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने रानटी झाडापाल्याचे कोंब, देठ, कळ्या कित्येक पट मोठ्या करून टिपल्या. 1928 साली त्याचं पुस्तक निघालं आणि तो एकदम प्रसिद्ध झाला. मास्तर हे सांगून थांबत नाहीत. ‘फादर दिब्रिटो याच गावचे. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मग या मातीतून एक फोटोग्राफर का नको?’ यावर काय बोलणार? माती तर त्यांच्या शर्टभर असते.

त्यांचा खरा सामना शेजारच्या मावशींशी. मावशी लिंबाच्या झाडावर पाइप मारत होत्या, तोच मास्तर कुंपणावरून ओरडले, ‘थांबा! धुऊ नका!’

‘पाखराची घाण आहे ती, मास्तर.’

‘घाण नाही, सोंग आहे! अळी आहे ती. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तशी दिसते. मोठी झाली की हिरवी होईल, आणि डिवचलं तर डोक्यामागून लाल दुशिंग काढून घाणेरडा वास सोडेल.’

हे सगळं खरं आहे आणि मास्तर ते अशा कौतुकाने सांगतात की मुलगी दाखवायला आणली असावी. पुढे त्यांनी हुकमाचं पान टाकलं. ‘मावशी, ही राणी पाकोळी निघाली तर? 2015 साली शासनाने तिला राज्य फुलपाखरू केलंय. असा मान देणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य!’

‘मग शासनाने तिला खायला घालावं की. माझंच लिंबू का?’

पण पाइप बंद झाला. अळ्यांनी झाडाचा निम्मा पाला फस्त केला, मावशींनी त्या महिन्यात लिंबं बाजारातून आणली आणि मास्तरांच्या नावाने रोज बोटं मोडली. एवढं करून रोज सकाळी झाडाखाली उभ्या राहून अळ्या मोजणाऱ्याही मावशीच. हा रोग लागट आहे. मलाही हल्ली न्हाणीघरातली पाल बघत उभं राहावंसं वाटतं, आणि हे मी घरी सांगितलेलं नाही.

परवा मावशी स्वतःच हाक मारत आल्या, ‘मास्तर, टाकीमागे काहीतरी फार घाण दिसतंय. चला, तुम्हाला आवडेल!’

मास्तर कॅमेरा घेऊन धावले. टाकीमागे रीतसर पालथे पडले. बराच वेळ निरखून मान वर केली आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, ‘मावशी, ही खरीच आहे हो.’

‘अगोबाई! मग नाही काढणार फोटो?’

मास्तरांनी जरा विचार केला. ‘काढतो,’ म्हणाले, ‘उजेड बरा आहे.’