अर्जुनराव

त्यांचं खरं नाव त्यांच्या टपालपेटीवर ठळक अक्षरांत रंगवलेलं आहे आणि ते नॉर्वेतून आलेल्या त्यांच्या पणजोबांचं आहे. आमच्या घरात मात्र ते अर्जुनराव. हे बारसं माझ्या बायकोने केलं. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसन शहराच्या पश्चिमेला जिथे घरं संपतात आणि मका सुरू होतो, तिथे शेवटून दुसरं घर आमचं आणि शेवटचं त्यांचं. मक्याच्या पलीकडे ओकचं रान आहे, रानात पांढऱ्या शेपटीची हरणं आहेत आणि त्या हरणांच्या मागे, वयाच्या बाराव्या वर्षापासून, धनुष्य घेऊन अर्जुनराव आहेत. आता ते सत्तरीला टेकलेत.

महाभारतातल्या अर्जुनाला नेम धरताना पक्ष्याचा फक्त डोळा दिसत होता. त्या परीक्षेत आमचे अर्जुनराव सपशेल नापास झाले असते. त्यांना आधी झाड दिसतं. मग त्या झाडाला यंदा फळं किती धरलीत ते दिसतं, खोडावर शिंगं घासल्याची खूण दिसते, फांदीखाली खुरांनी उकरलेली माती दिसते. वाऱ्याची दिशा, हवेचा दाब, चंद्राची तिथी हे सगळं दिसतं. हरीण तेवढं दिसायचं राहून जातं.

बंदूकवाल्यांबद्दल ते वाईट बोलत नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये कुणी कुणाबद्दल वाईट बोलत नाही. नोव्हेंबरात नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम येतो, भडक नारिंगी जाकिटं घातलेली माणसं रानोमाळ पसरतात, तेव्हा ते फक्त म्हणतात, ‘गर्दी छान जमलीय.’ धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो आणि जानेवारी उजाडेपर्यंत चालतो. तेवढ्या काळात त्यांच्या घरी लग्न, वाढदिवस, दाढेचं दुखणं असलं काही काढायचं नसतं. मुलीचं ऑक्टोबरात ठरत असलेलं लग्न त्यांनी जूनमध्ये आणवलं. जावई भला माणूस आहे, पण बंदुकीने शिकार करतो. घरात त्याविषयी कुणी बोलत नाही.

गॅरेजच्या भिंतीवर तीन तसबिरी आहेत. पहिली इशीची. याही जमातीचा हा शेवटचा माणूस १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात एकटाच प्रकट झाला. दुसरी त्याचे डॉक्टर सॅक्स्टन पोप यांची. त्यांनी इशीवर उपचार करता करता त्याच्याकडून धनुष्यबाणाची विद्या घेतली आणि १९२३ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. तिसरी आल्डो लिओपोल्ड यांची, कारण ते विस्कॉन्सिनचे, वन्यजीवशास्त्राचे प्राध्यापक आणि स्वतःची धनुष्यं स्वतः तासणारे. १९३४ साली सॉक आणि कोलंबिया या दोन परगण्यांत फक्त धनुष्यासाठी हंगाम खुला झाला, आणि आधुनिक काळातली ही चाल आमच्या राज्याने पाडली, हे अर्जुनराव पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी सांगतात.

या तसबिरींखाली दोन धनुष्यं टांगलेली असतात. एक वडिलांचं, लाकडी, वळणदार टोकांचं. दुसरं कप्प्या आणि दोऱ्यांचं. ही कप्प्यांची युक्ती मिझुरीतल्या हॉलिस ॲलन नावाच्या माणसाची. १९६९ साली तिला पेटंट मिळालं. सत्तर पौंड जोर लावून दोरी एकदा मागे आणली की पुढे ती दहा-पंधरा पौंडांवर धरून ठेवता येते. दर जुलैत अर्जुनराव जाहीर करतात, की यंदा वडिलांचंच धनुष्य. ऑगस्टभर ते अंगणात त्याचा सराव करतात. सप्टेंबरात खांदा दुखतो आणि कप्पीवालं खाली उतरतं. मग वडिलांच्या धनुष्याला तेल लावताना त्यांचा चेहरा बघवत नाही.

पण खरी अडचण धनुष्याची नाही, नाकाची आहे. बाण खात्रीने लागायचा तर हरीण वीस-पंचवीस यार्डांवर, म्हणजे पापण्या मोजाव्यात इतक्या जवळ यावं लागतं. त्याला नारिंगी रंग धड कळत नाही, झाडावर स्तब्ध बसलेला माणूसही पुष्कळदा कळत नाही. पण वास कळतो. त्यामुळे अर्जुनरावांचं निम्मं आयुष्य बिनवासाचं होण्यात गेलं. शिकारीचे कपडे बिनवासाच्या पावडरीने धुवायचे, उघड्यावर वाळवायचे, ओकची सुकी पानं घातलेल्या झाकणाच्या पेटीत ठेवायचे. ते घरात घालायचे नाहीत, गाडीत घालायचे नाहीत, रानाच्या कडेला जाऊनच चढवायचे. आदल्या दिवशी कांदा-लसूण बंद. पहाटे चारला बिनवासाच्या साबणाने आंघोळ. कॉफीसुद्धा नाही, आणि कॉफीविना अमेरिकन माणूस पहाटे चारला कसा दिसतो, ते ज्याने पाहिलंय त्यालाच या तपश्चर्येची किंमत कळेल.

माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात खिडकीतून पाहिलं, की शेजारचे गृहस्थ काठीने कपडे दोरीवर टाकताहेत आणि कुत्रा जवळ आला तर ओरडताहेत.

“अरे, हे सोवळ्यात आहेत का?” तिने विचारलं.

मी सगळं समजावून सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. “आमच्या आत्याबाईंचं असंच होतं,” ती म्हणाली. “फरक एवढाच, की आत्याबाईंचा देव देव्हाऱ्यातून हलत नसे. यांचा देव वास आला की शेपूट वर करून पळतो.”

मी हे अर्जुनरावांना सांगितलं. ते गंभीर झाले. मग त्यांनी पोप यांच्या पुस्तकातली गोष्ट सांगितली: शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासळी खात नसे, तंबाखू ओढत नसे आणि पहाटे ओढ्यात आंघोळ करून सुगंधी पाला अंगाला चोळत असे. आईने मान डोलावली. “मग रीतच आहे ती.” त्या दिवसापासून ती त्यांना हातभर अंतर ठेवूनच नमस्कार करायची, आणि याचा त्यांना फार आदर वाटे. नातवंडांचं ऐकून तेही तिला ‘आजी’ म्हणू लागले.

पहिला पेच एका शनिवारी पडला. आईने आमटीला हिंग-मोहरीची खमंग फोडणी दिली आणि पूर्वेचं वारं ती फोडणी घेऊन थेट शेजारच्या दोरीवर गेलं. अर्जुनराव कुंपणाशी आले. टोपी हातात. दहा मिनिटं ते पावसाबद्दल बोलले, पाच मिनिटं मक्याबद्दल. मग अत्यंत संकोचाने म्हणाले, की मघाचा तो जो... सुंदर... वास होता, तो कशाचा? मी हिंगाची डबी आणून दिली. त्यांनी ती नाकाशी धरली आणि पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “हा वास पुढच्या परगण्यातल्या हरणांनासुद्धा कळला असेल.”

तेव्हापासून दोन घरांत करार आहे. आई गॅस पेटवण्यापूर्वी विचारते, “वारं कुठलं?” पश्चिमेचं असेल तर फोडणी. पूर्वेचं असेल आणि शेजारी कपडे वाळत असतील तर दहीभात.

वारं पाहण्यासाठी अर्जुनरावांच्या खिशात रानरुईचे तंतू असतात. झाडावर बांधलेल्या मचाणावर, कमरेला पट्टा अडकवून बसायचं आणि एकेक तंतू सोडून तो कुठे तरंगत जातो ते बघायचं. आईने हे पाहिलं आणि आनंदाने ओरडली, “अरे, या तर म्हाताऱ्या!” आपल्या रुईच्याच कुळातली ही झाडं इथे रस्त्याकडेला वाढतात. तिने नातवंडांना कामाला लावून पिशवीभर म्हाताऱ्या गोळा करून दिल्या. दुकानात मिळणारी, माजावर आलेल्या हरिणीच्या मूत्राची बाटलीही त्यांनी तिला दाखवली. नराला भुलवायला ती वापरतात. रोगाच्या भीतीने काही राज्यांनी तिच्यावर बंदी घातली आहे. घरात गोमूत्राची बाटली बाळगणाऱ्या माझ्या आईला यात काहीच वावगं वाटलं नाही.

अर्जुनरावांना हरीण मिळतच नाही असं कुणी समजू नये. वर्षाला एखादी मादी ते मारतात. २००२ पासून या भागातल्या हरणांत मेंदूचा एक असाध्य रोग आढळतो, म्हणून नमुना तपासायला पाठवतात, निर्वेध उत्तर आलं की मांसाचे सॉसेज करतात आणि गल्लीत वाटतात. आई ते खात नाही. उलट टपाली बेसनाचे लाडू पाठवते. वेलदोड्याच्या वासामुळे ते लाडू जानेवारीपर्यंत गॅरेजबाहेर एका बंद डब्यात असतात.

सल आहे तो वेगळाच. धनुष्याने मारलेल्या हरणांची नोंद ठेवणारा पोप अँड यंग क्लब १९६१ पासून आहे. त्याच्या वहीत पांढऱ्या शेपटीच्या नराचं नाव यायचं, तर नेहमीच्या घडणीच्या शिंगांचं मोजमाप किमान १२५ इंच भरावं लागतं. अर्जुनरावांच्या एका नराचं त्याच संध्याकाळी १२५ आणि वर दोन अष्टमांश भरलं होतं. पण नियम असा, की शिंगं साठ दिवस वाळवून मग मोजायची. वाळताना शिंगं आकसतात. साठाव्या दिवशी ती १२४ आणि सात अष्टमांश भरली. ते वर्ष कडक थंडीचं होतं आणि घरातला हीटर कुणी वाढवला होता, यावर नवरा-बायकोचं आजही एकमत नाही.

असं दुःख वर आलं की ते जेम्स जॉर्डनची कथा सांगतात. १९१४ साली याच राज्यातल्या डॅनबरीजवळ जॉर्डनने बंदुकीने एक नर मारला. शिंगं भरून घ्यायला कारागिराकडे दिली, कारागीर गाव सोडून गेला, शिंगंही गेली. पुढे ती कुणी जुन्या सामानाच्या विक्रीत किरकोळ किमतीला घेतली आणि मोजली, तर जागतिक विक्रम. शिकारी अज्ञात! ती शिंगं जॉर्डनचीच, हे मान्य झालं १९७८ साली, त्याच्या मृत्यूनंतर. “तेव्हा माझं बरंच बरं आहे,” अर्जुनराव म्हणतात आणि हीटरकडे बघतात.

गेल्या वर्षी मात्र त्यांच्या रानातल्या कॅमेऱ्यात एक नर आला. दहा टोकांची शिंगं, रुंद छाती, चालण्यात मस्ती. उन्हाळ्यापासून अर्जुनराव त्याचे फोटो जमवत होते. शिंगं आधी कोवळी, मखमली. सप्टेंबरात मखमल गळून पडलेली. तो नेहमी मध्यरात्री येई, उजेडात कधीच नाही. ऑक्टोबरात एका संध्याकाळी हताश होऊन त्यांनी फोनवरचा फोटो आईला दाखवला.

“हा?” आई म्हणाली. “हा तर रोज साडेपाचला माझी मेथी खायला येतो.”

मी भाषांतर केलं. अर्जुनरावांनी ते पुन्हा करायला लावलं. त्याच्या शिंगाला डाव्या बाजूला खाच आहे का? आहे. एकटाच येतो? एकटाच, मी ताट वाजवलं तरी हलत नाही, आधी वाफा संपवतो. त्या वेळी अर्जुनराव कुठे असतात? रानात, मचाणावर, वारा बघत.

मी आपलं सुचवलं, की आमच्या मागच्या मेपलच्या झाडावर बसा. त्यांना ते ऐकवेना. बाईमाणसाच्या भाजीच्या वाफ्यावर टपून बसायचं? शिवाय आमच्या परगण्यात हरणांना आमिष घालायला बंदी आहे. मेथी ही भाजी खरी, पण त्यांच्या मनाला ते पटत नव्हतं. क्लबच्या नियमांतही रास्त पाठलागाची अट आहे. तो रानात यायला हवा, आपण होऊन, उजेडात, वीस यार्डांवर. हंगाम सरेपर्यंत ते रानात बसले आणि तो मेथीत. आई नोव्हेंबरअखेर सांगलीला गेली. जानेवारीत हंगाम मिटला.

हरणांची शिंगं दर हिवाळ्यात गळतात आणि पुन्हा नवी येतात. फेब्रुवारीत मुलांना बर्फात, मेथीच्या वाफ्यातच, एक शिंग सापडलं. डावं, खाचेचं. अर्जुनरावांनी आमच्या स्वयंपाकघरातच मोजपट्टी काढली आणि दुसरं शिंग तेवढंच धरून हिशोब केला. १४० च्या पुढे जात होता. त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू मारलाच होता. लगेच पुढच्या सप्टेंबरचा बेत सुरू झाला: आजी येणार असतील तर मेथीला ते स्वतः जाळीचं कुंपण घालून देतील. म्हणजे तो रानातच चरेल.

मी सांगलीला फोन लावून हे विचारलं. आई म्हणाली, “कुंपण नको म्हणावं. यांच्या बाणापासून त्याला धोका नाहीच, निदान पोटभर जेवू दे.”

फोन स्पीकरवर होता आणि अर्जुनराव उत्सुकतेने माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं, की आजींना वाटतं तो अजून एक वर्ष वाढू द्यावा.

अर्जुनरावांनी टोपी काढली. म्हणाले, “जातिवंत शिकारी आहेत आजी.”