ठासणी घ्या, ठासणी!

अमेरिकेत लास व्हेगासला गहाणवटीचं एक दुकान आहे आणि त्या दुकानावर २००९ पासून टीव्हीवर मालिका चालू आहे. गिऱ्हाईक पणजोबांचं पिस्तूल घेऊन येतं, घासाघीस करतं आणि डॉलर खिशात कोंबून बाहेर पडतं. मोरा बंदरातल्या आमच्या शेजारच्या नानांनी ही मालिका नातवाच्या मोबाइलवर पाहिली आणि त्यांची झोप उडाली. कारण असा एक नग त्यांच्याकडेही आहे. वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक. डुकरांपासून भाताचं रक्षण करण्यासाठी घेतलेली, परवान्यासकट. (स्वतःचीच गहाण बंदूक सोडवायला अमेरिकेतही पुन्हा फॉर्म भरावा लागतो आणि पूर्वीचे गुन्हे तपासले जातात, हे नानांना सांगून त्यांचा हिरमोड कशाला करा?)

नाना आधी उरणच्या बाजारात सोनाराकडे गेले. त्याने बंदूक नुसती ऐकली, पाहिली नाही. “नाना, पाटल्या आणा, पोहेहार आणा, लगेच पैसे मोजतो. हिची नळी कसोटीवर घासू का?” सोनं ठेवून घ्यायला आज गल्लोगल्ली कंपन्या आहेत, पण ठासणीवर कर्ज देणारी अजून निघालेली नाही.

खरं म्हणजे आपल्याकडे बंदूक ठेवून घेणारं दुकान आहे. त्याला पोलीस ठाणं म्हणतात. आचारसंहिता लागली की बोलावणं येतं: हत्यार जमा करा. कोणाचं घ्यायचं, कोणाचं नाही, हे ठरवायला छाननी समिती असते, पण नाना दर वेळी चाळणीच्या वरच राहतात. पावती मिळते, व्याज पडत नाही. फक्त मुद्दल मिळत नाही, एवढाच या धंद्यातला दोष. २०२४ मध्ये आधी लोकसभा, मग नोव्हेंबरात विधानसभा. त्या वर्षी बंदूक सासरी कमी आणि माहेरी जास्त राहिली.

शेजारी करंजाला नौदलाचं शस्त्रागार. अख्खं उरण दारूगोळ्याच्या उशाशी झोपतं, त्याचं कुणाला काही नाही. सरकारला घोर नानांच्या ठासणीचा. सप्टेंबर २०१६ मध्ये शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यातली बंदूकधारी माणसं पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा नौदलापासून एनएसजीपर्यंत सगळे उरणात उतरले होते. सापडलं कोणीच नाही. नाना सापडले असते, म्हणून तो आठवडाभर त्यांनी बंदुकीवरची धूळसुद्धा झटकली नाही.

गहाण जमेना, तेव्हा नाना विकायला निघाले. १९५९ चा शस्त्र कायदा विकायला मना करत नाही. गिऱ्हाइकाकडे त्याचा परवाना हवा, पोलिसांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायला हवं आणि कळवल्यावर पंचेचाळीस दिवस थांबायला हवं. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा विचार बदलतो. मुळात ठासणीला गिऱ्हाईक येणार कुठून? परवान्यासाठी चपला झिजवणाऱ्याला पुढे कमरेला लावून लग्नात मिरवता येईल असं काहीतरी हवं असतं. गज घालून दारू ठासण्यात दहा मिनिटं घालवणाऱ्या माणसाला कोण घाबरणार?

एकच गिऱ्हाईक आलं. अलिबागकडे बंगले सजवून देणारा तरुण. भिंतीवर नांगर, खाली पाटा-वरवंटा आणि मधे बंदूक, असा त्याचा बेत. “चालू नसली तरी चालेल, काका. जुनी दिसली पाहिजे.” यातही कायदा आहेच. दुरुस्त करूनही जी बार काढू शकणार नाही, अशीच बंदूक परवान्यातून सुटते. नानांची मात्र ठणठणीत आहे. “मग मोडा ना,” तरुण म्हणाला. नानांनी त्याला चहा न देता लाँचला लावून दिलं. ओहोटी होती. गाळात लाँच धक्क्याला लागेना, तेव्हा पाणी चढेपर्यंत तो पुन्हा नानांच्याच ओट्यावर बसला आणि शेवटी चहा द्यावाच लागला.

आता परवान्याचं नूतनीकरण आलंय. पूर्वी दर तीन वर्षांनी येई, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी. साहेबांनी सातबारा मागितला. शेतात भात कुठला? जमीन बंदरासाठी गेली, तिथे कंटेनर एकावर एक रचलेत. त्यांना डुकरं तोंड लावत नाहीत.

“मग कोणत्या पिकाचं संरक्षण करता?” साहेबांनी विचारलं.

नानांनी जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचं इरादापत्र पुढे ठेवलं. २०१४ मध्ये पंतप्रधान येऊन अशी पत्रं वाटून गेले, त्यातलंच हे. भूखंडाचा ताबा मिळाला की लगेच भात पेरतो, असं नानांनी अर्जात लिहून दिलं आहे.