घरशाळा : इच्छुक पालकांसाठी काही सूचना

मूल शाळेत घालायचं नाही असं ठरलं, की सर्वप्रथम एक उत्तर तयार करून ठेवावं. फळा, पृथ्वीचा गोल, अभ्यासक्रम हे सगळं सावकाश आणता येतं. उत्तर मात्र त्याच संध्याकाळी लागतं, कारण त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरचे काका भेटतात आणि विचारतात, "काय रे, कितवीत आहेस?"

आपल्याकडे मोठ्यांना लहानांशी बोलायला एवढा एकच विषय आहे. माझा थोरला सहा वर्षांचा असताना या प्रश्नाला "दुसऱ्या मजल्यावर" असं म्हणाला होता. काकांनी माझ्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं. थोरल्यानं काकांकडे तशाच सहानुभूतीनं पाहिलं.

खरं उत्तर चुकूनही देऊ नये. "आम्ही त्याला घरीच शिकवतो" असं म्हटलं, की काका लिफ्टच्या दारात पाय घालून उभे राहतात, लिफ्ट कोकलायला लागते आणि आपला मजला येऊनही आपल्याला उतरता येत नाही. म्हणून सूत्र पाठ करावं : वयातून पाच वजा करायचे. सहाचा पहिलीत, दहाचा पाचवीत. आमच्या घरी वजाबाकी मुळात याच कामासाठी शिकवली गेली.

लिफ्टमधून सुटलात तरी मंगल कार्यालय आहेच. लग्नात जेवणाच्या रांगेत उभं असताना आत्याबाई थोरल्याला जवळ ओढतात, गाल कुरवाळतात आणि मग एकदम, "सांग बघू, सत्तावीस साते?" त्यांचा स्वतःचा नातू शेजारीच मठ्ठा पीत असतो. त्याला कुणी काही विचारत नाही. त्याची वर्षाची फी भरलेली असते. अशा वेळी मुलाच्या मदतीला थोर पुरुष धावून येतात असा नवख्या पालकांचा समज असतो. माझाही होता. मी म्हटलं, "आत्याबाई, रवींद्रनाथ टागोरसुद्धा शाळेत रमले नव्हते."

"हो ना," आत्याबाई म्हणाल्या. "म्हणून मग 1901 साली शांतिनिकेतनात काय काढलं? शाळाच ना?"

तेव्हा थोर पुरुष वापरण्याआधी त्यांचं पुढं काय झालं ते वाचून ठेवावं. गिजुभाई बधेका म्हणाल, तर ते बालमंदिर काढून बसलेत. ताराबाई मोडकांचं नाव घ्याल, तर त्यांनी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. म्हणजे त्या शाळेच्या विरोधात होत्या की शाळेपासून कुणाला सुटका नाही असं त्यांचं मत होतं, हे आत्याबाईंना पटवून देईपर्यंत जिलबी संपते.

कायद्याची बाजू नवऱ्यानं सांभाळावी. आमच्या सोसायटीत निवृत्त अधिकारी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकानं मला निदान एकदा तरी "हे बेकायदा आहे बरं का" असं मायेनं सांगितलेलं आहे. वस्तुस्थिती अशी की शिक्षणहक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला (तारखेवरून कुणीही विनोद करू नये, सगळे करून झालेत). सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्याच्या दहाव्या कलमात लिहिलेलं आहे. ते न केल्यास पालकांना काय शिक्षा, हे त्यात कुठंही लिहिलेलं नाही. म्हणजे आमची अवस्था करार न करता राहणाऱ्या भाडेकरूसारखी. कुणी जा म्हणत नाही, कुणी राहा म्हणत नाही, आणि दारावर पाटी लावायची हिंमत आपल्याला होत नाही.

दहावीची चिंता मात्र करू नये. ती करायला आजी असते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात चौदा पूर्ण झाले की दहावीला बसता येतं, विषय एकेक करून सोडवता येतात, एकदा नाव नोंदवलं की ते पाच वर्षं चालतं आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, असं मी सासूबाईंना उत्साहानं समजावलं. त्यांनी शेंगा सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे आठदा नापास व्हायची सोय."

आता प्रत्यक्ष अध्यापन. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळी खरेदी अप्पा बळवंत चौकात केली. फळा, रंगीत खडू, तक्ते, हजेरीचं पुस्तक आणि एक पितळी घंटा. वेळापत्रक मी चार रंगांत केलं. नऊ ते पावणेदहा गणित, पावणेदहा ते साडेदहा भाषा, मग छोटी सुट्टी. ज्या शाळेला कंटाळून आपण मूल घरी ठेवलं, ती आपण दिवाणखान्यात अधिक कडक स्वरूपात उघडली आहे हे कळायला मला अकरा दिवस लागले. नवऱ्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण त्याची ऑफिसची मीटिंग असल्यामुळं त्याला बोलता आलं नाही. घंटा आता देवघरात आहे. हजेरीच्या पुस्तकात दुधाचा हिशोब लिहितो.

त्यानंतर पालक पुस्तकं वाचू लागतात. जॉन होल्ट नावाच्या अमेरिकन शिक्षकानं 1964 मध्ये मुलं नापास का होतात यावर पुस्तक लिहिलं, त्यात शाळेतली मुलं विषय शिकत नाहीत, बाईंना हवं ते उत्तर ओळखायला शिकतात असं त्याचं निरीक्षण आहे. ते वाचून मी हादरले. त्या दिवसापासून घरात ठरलं की मुलांना प्रश्न विचारायचे नाहीत, शाबासकी द्यायची नाही आणि रागवायचं तर मुळीच नाही. राग आलाच तर शांत स्वरात एवढंच म्हणायचं : "मला राग आलेला नाही, मला फक्त वाईट वाटलंय." हे वाक्य मी दिवसातून सरासरी चौदा वेळा म्हणते. भिंतीला वंगण लागलं तेव्हा म्हणाले, मांजर धुतलं तेव्हा म्हणाले.

याच काळात 'जगण्यातून शिक्षण' हा टप्पा येतो. तो फार धोक्याचा. यात माणसाला साधी मेथी आणता येत नाही. जुडी वीसला, दोन घेतल्या तर पस्तीस, मग एका जुडीमागं किती वाचले, शेकडा किती झाले, मेथीचं पान कुठल्या प्रकारचं, ती हिवाळ्यातच इतकी का येते. मागं रांग वाढत जाते. एकदा भाजीवाल्या मावशींनी जुडी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "ताई, घ्यायची हाय का शिकायची हाय?" मी गोंधळले. थोरला म्हणाला, "मावशी, दोन द्या, तीस घ्या." मावशींनी दिल्या. हा व्यवहार माझ्या पाठटाचणात नव्हता.

प्रयोगशाळेसाठी खर्च करू नये. अरविंद गुप्तांनी 1978 साली होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर भूमिती उभी केली. नळीचे बारीक तुकडे करायचे, त्यांत काड्या खुपसायच्या. त्रिकोण केला तर दाबूनही ढळत नाही, चौकोन केला तर लगेच एका बाजूला कलतो. म्हणून पुलाच्या लोखंडी सांगाड्यात सगळीकडे त्रिकोण दिसतात. हे माझ्या मुलांनी स्वतःच्या बोटांनी शोधलं आणि त्याचा मला फार अभिमान आहे. पण काड्यांची टोकं आधी खरवडावी लागतात. संध्याकाळी सासूबाई निरांजन लावायला गेल्या, तर घरात सहा काडेपेट्या आणि एकही पेटणारी काडी नाही. देव त्या दिवशी गॅसच्या लायटरवर उजळले. सासूबाई म्हणाल्या, "मला राग आलेला नाही." पुढचं वाक्य त्या म्हणाल्या नाहीत.

अपूर्णांकांविषयी थोडं सविस्तर सांगणं भाग आहे. घोकंपट्टीबद्दल माझी मतं ठाम आहेत. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आणलं आणि सगळा महाराष्ट्र टीव्हीपुढं बसून भांडला, तेव्हा 'वीस एक'च्या बाजूनं बोलणारी आमच्या कुटुंबात मी एकटी होते. एकोणऐंशी म्हणजे एक, ऊन आणि ऐंशी. सहा वर्षांच्या पोराला आधी पुढं पळायचं आणि मग एक पाऊल मागं यायचं, हा काय न्याय झाला? अशा विचारांच्या बाईनं अपूर्णांक पाठ करून घेणं शक्यच नव्हतं. मी पुठ्ठ्याची वर्तुळं कापली, त्यांचे अर्धे, पाव, अष्टमांश केले, रंगवले, लॅमिनेट केले. तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मुलांच्या आबांनी, रोज फिरायला जाताना थोरल्याला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी करत करत औटकीपर्यंत नेऊन पोचवलं. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा असा तो ठेक्यात पायऱ्या चढत वर आला. मोबदला : दर पाढ्याला एक शेंगदाण्याची चिक्की. माझ्या दोन्ही तत्त्वांचा एकाच वेळी भंग. मी शांत स्वरात माझं वाक्य म्हटलं. आबांना ऐकू कमी येतं, तेव्हा ते वाया गेलं.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. थोरल्यानं विचारलं, साडेतीनचा वेगळा पाढा कशाला? आबा म्हणाले, साडेतीन आपल्याकडे महत्त्वाचे. मुहूर्त साडेतीन : पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि बलिप्रतिपदा अर्धा. देवीची पीठं साडेतीन : कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि वणीची सप्तशृंगी अर्धं. पेशवाईतले शहाणे साडेतीन : सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर, आणि नाना फडणवीस अर्धे.

"नाना अर्धे का?"

"अक्कल पुरी, पण तलवार नाही."

"मग अक्कल किती आणि तलवार किती? निम्मी निम्मी?"

यावर दोन दिवस घरात दुसरं काही चाललं नाही. देवी अर्धी कशी असेल, अर्धा मुहूर्त सकाळचा की दुपारचा, बाबा किती शहाणे, आई किती. नकाशात माहूर शोधताना ते नांदेड जिल्ह्यात अगदी कडेला सापडलं. सासूबाईसुद्धा बोलल्या : त्यांच्या माहेरी दोन शहाणे होते आणि सासरी पाव. मुलं जेवताना भांडत होती, झोपताना भांडत होती.

मी हे सगळं पाहत होते आणि तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मोठा कार्डशीट आणला, वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'प्रकल्प : साडेतीन', खाली चार रकाने आखले, इतिहास, भूगोल, गणित, संस्कृती. मुलांना बोलावलं. थोरल्यानं तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे भरायचं आहे का?"

त्यानंतर आमच्या घरात साडेतीन या विषयावर कुणी बोललेलं नाही. कार्डशीटची दुसरी बाजू कोरी आहे, इच्छुकांनी घेऊन जावी.

"पण मग मित्र कसे मिळणार?" हा प्रश्न उरतो. आमच्या मुलांना भरपूर मित्र आहेत : वॉचमनकाका, इस्त्रीवाले, नळदुरुस्तीचे चाचा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना पत्त्यांत कायम चौथा भिडू कमी असतो. त्यांच्या वयाची मुलं मात्र संध्याकाळी साडेसातच्या आत मोकळी होत नाहीत. आधी शाळा, मग शिकवणी, मग ॲबॅकस, शनिवारी कराटे. त्यामुळं आपलं मूल दुपारी तीनपासून गेटपाशी बॅट घेऊन बसतं. वॉचमनकाका दोन षटकं टाकतात. हे दृश्य वरून खिडकीतून पाहू नये, असा माझा सल्ला आहे. मी पडदा लावून घेते.

धाकटीनं मध्यंतरी शाळेत जायचा हट्ट धरला होता. मला मनातून मोठा धक्का बसला, पण शांतपणे बसून चौकशी केली तेव्हा कळलं की तिला शाळा नको होती, डबा हवा होता. तेव्हापासून रोज सकाळी मी तिला पोळी-भाजीचा रोल आणि एका कप्प्यात डाळिंबाचे दाणे भरून देते. ती पाठीला दप्तर लावते, दाराबाहेर जाते, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून डबा खाते आणि अर्धा परत आणते. यात अनुभवाची सत्यता पूर्णपणे सांभाळली गेली आहे.

आणि आता शेवटची सूचना, शाळा-शाळा या खेळाविषयी. माझ्या मुलीनं शाळेचा वर्ग आतून पाहिलेला नाही. तरी परवा दुपारी तिनं ओढणीची साडी नेसली, माझा चष्मा नाकावर घेतला, फूटपट्टी हातात धरली आणि वर्ग भरवला. विद्यार्थी तीन : अस्वल, आबा आणि मी. आबांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना खुर्ची मिळाली. हजेरी झाली. पाटीवर एक ते वीस काढायचे होते. मी हळूच आबांना म्हटलं, हे सगळं हिनं कुठं बघितलं असेल? मी तर असं काहीच...

"कोण बोलतंय?" बाई म्हणाल्या.

मी गप्प.

बाई जवळ आल्या. फूटपट्टी खाली ठेवली, चष्मा वर ढकलला आणि अगदी शांत स्वरात म्हणाल्या, "मला राग आलेला नाही. मला फक्त वाईट वाटलंय. वर्गाबाहेर उभी राहा."

मी पॅसेजमध्ये उभी राहिले. आत कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी दारातून डोकावून म्हटलं, "बाई, कुकर बंद करायचाय."

"हात वर करून विचारायचं."

मी हात वर केला. बाई अस्वलाचे आकडे तपासत होत्या. चौथी शिट्टी झाली.