शीटरक्षक

काकांचा पगार अकाउंट्समधून निघतो, कागदोपत्री कामही अकाउंट्सचंच. पण खरी नोकरी म्हणाल तर एक्सेलच्या शीटला कुलूप घालणे. असे एक काका प्रत्येक ऑफिसात असतातच. त्यांच्या फाईलमध्ये पिवळे चौकोन सोडून कुठेही बोट लागलं, की ‘शीट प्रोटेक्टेड आहे’ अशी पाटी उगवते. पिवळ्यात काय भरायचं, हे सांगणारं शीट त्यांनी लपवलेलं असतं. तेही साधं नव्हे. साधं लपवलेलं शीट राइट क्लिक करून कोणीही अनहाइड करेल. काकांचं ‘व्हेरी हिडन’. ते अनहाइडच्या यादीतसुद्धा दिसत नाही.

काकांचा माणसांवर राग नाही, त्यांच्या बोटांवर आहे. कधीकाळी कोणीतरी बेरजेच्या फॉर्म्युल्यावर हाताने रक्कम टाइप केली होती. कोणी, ते कळलं नाही; तेव्हापासून सगळेच संशयित.

मार्चअखेरीला, ऐन घाईत, ‘रिपोर्ट काढा’ हे बटण दाबलं की रन-टाइम एरर १००४ येते. काका येतात. पहिला प्रश्न ठरलेला.

“कुठे हात लावलास?”

“काका, मी फक्त बटण दाबलं.”

“तेच म्हणतोय मी.”

कारण साधं असतं. शीटला कुलूप, बटणामागचा मॅक्रो त्याच शीटवर आकडा लिहायला जातो आणि एक्सेल त्यालाही अडवतं. मग काका मॅक्रोच्या सुरुवातीला ‘अनप्रोटेक्ट’ आणि शेवटी ‘प्रोटेक्ट’ अशा दोन ओळी टाकतात, पासवर्डसकट. म्हणजे ऑल्ट आणि एफ-११ दाबणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो. पण या दोन कळा एकत्र दाबणारे ऑफिसात आपण एकटेच, अशी काकांची खात्री. पुढे यादीत एखादं नाव सापडत नाही, मॅक्रो मध्येच आडवा होतो, शेवटच्या ओळीपर्यंत पोचतच नाही, आणि शीट दिवसभर सताड उघडं. चूक झाली तरी ‘प्रोटेक्ट’पर्यंत नेणारं ‘ऑन एरर गो टू’ काकांना ठाऊक आहे. पण “माझ्या मॅक्रोत एरर येईलच कशाला?”

मग त्यांना ‘यूझर इंटरफेस ओन्ली’ सापडलं. ते ‘ट्रू’ केलं की कुलूप माणसांना, मोकळीक मॅक्रोला. काकांना हवं होतं ते जग हेच! त्या दिवशी सगळ्यांचा चहा त्यांच्याकडून झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा १००४.

“काल चालत होतं. रात्री फाईल कोणी उघडली?”

चौकशी वॉचमनपर्यंत गेली. खरी गोम अशी, की ही मोकळीक फाईलबरोबर सेव्हच होत नाही. फाईल बंद झाली की कुलूप राहतं, सवलत जाते. म्हणून ती ओळ ‘वर्कबुक ओपन’मध्ये घालावी लागते, म्हणजे फाईल उघडताक्षणी ती पुन्हा लागू होते. काकांनी ती एकदा चालवून पुसून टाकली होती; उगाच कोणाच्या नजरेला पडायला नको!

फिल्टरची तीच कथा. प्रोटेक्ट करताना ‘अलाउ फिल्टरिंग’ लिहायचं राहिलं की बाण दिसतो, पण उघडत नाही. विचारलं तर काका म्हणतात, “तो बघण्यापुरताच ठेवलाय.”

गणपतीत काका गावी गेले. फोनला रेंज नाही आणि पासवर्ड फक्त त्यांच्या डोक्यात. नवीन लागलेल्या मुलीने फाईलची एक प्रत केली. एक्सएलएसएम फाईल आतून झिपच असते. तिने नावाचं शेपूट बदलून ती उघडली, शीटच्या एक्सएमएलमधला ‘शीट प्रोटेक्शन’चा टॅग खोडला आणि फाईल पुन्हा पूर्ववत केली. चहा यायच्या आत शीट मोकळं. पासवर्ड कितीही लांब असता तरी फरक पडला नसता. खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगतं, की शीट प्रोटेक्शन ही सुरक्षेची सोय नाही. ती आहे चुकून फॉर्म्युल्यावर पडणाऱ्या बोटांसाठी. म्हणजे काकांचं निदान अगदी बरोबर होतं. फक्त त्यांना वाटतं, आपण तिजोरी सांभाळतोय.

तुमच्या ऑफिसातही असे काका असतील, तर ‘वर्कबुक ओपन’मधली ती ओळ त्यांना जरूर सांगा. झिपचं मात्र बोलू नका. ते पासवर्ड आणखी लांबवतील, त्यात लहान-मोठी अक्षरं मिसळतील, आणि मग पुढच्या मार्चमध्ये तो त्यांनाही आठवणार नाही.