कुत्रं आमचं नाही

वऱ्हाडात कोणालाही विचारा, 'हे कुत्रं तुमचं का हो?' उत्तर ठरलेलं आहे. 'नाही बाप्पा, आमचं कायचं? असंच येते लेकाचं.' हे सांगणं चालू असताना ते कुत्रं त्याच माणसाच्या ओट्यावर, त्याच्याच चपलेवर हनुवटी टेकून पडलेलं असतं. त्याला नाव असतं. थंडीत त्याच्या अंगाखाली ढेपेचं रिकामं पोतं असतं. उन्हाळ्यात त्याच्यासाठी फुटक्या घमेल्यात पाणी भरलेलं असतं आणि दुपारी ते बदललं नाही तर घरातल्या कोणाला तरी बोलणी बसतात. पण कुत्रं आमचं नाही.

मी मात्र उघड उघड कुत्रेवेडी आहे. माहेर अमरावती, सासर अकोला. दोन्हीकडच्या ओळखीच्या कुत्र्यांची मोजदाद केली तर ती सोयऱ्यांपेक्षा जास्त भरतील, आणि लग्नात आहेर हलका आला म्हणून त्यांतलं एकही आजवर रुसलेलं नाही. नात्यात माझ्याबद्दल बोलताना 'तसं सगळं चांगलं आहे पोरीचं, फक्त ते कुत्र्यांचं...' एवढं म्हणून थांबतात. वाक्य कोणी पुरं करत नाही. मला त्याचं काही वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या भागातले खरे श्वानप्रेमी माझ्यासारखे नव्हेतच. ते सगळे कानावर हात ठेवणाऱ्यांत लपून बसलेले आहेत.

त्यांच्या अग्रभागी माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई. त्यांचं घर अकोल्याला जठारपेठेत. दारातला कुत्रा ढेपेच्या रंगाचा, म्हणून ढेप्या. नाव त्यांनीच ठेवलं, पण विचारलं तर 'गल्लीनं ठेवलं' म्हणतात. सकाळी दार उघडल्यावर त्यांचा पहिला शब्द 'हाड!' हा असतो, आणि तो ऐकला की ढेप्या शेपूट हलवत पुढं येतो. ते आपलं आडनाव आहे, अशी त्याची समजूत असावी. मग आतून मला हुकूम येतो, "सूनबाई, त्याले पोळी टाकशीन तर दुधात कुस्करून टाकजो. कोरडी खात नाही थो." आणि लगेच, "लय माजलं हे कुत्रं. कोणाले तरी सांगून उचलून न्या म्हना."

एकदा पलीकडच्या गल्लीतल्या पोट्ट्यानं ढेप्याला गोटा मारला. आत्याबाई वरणाला फोडणी देत होत्या. पळी हातात घेऊनच बाहेर गेल्या. "काहून मारला बे माह्या कुत्र्याले?" असा आवाज दिला की त्या दुपारी समोरच्या घरातला कूलरसुद्धा बंद झाल्यासारखा वाटला. पोट्टं पळालं. रात्री जेवताना मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, 'माह्या' म्हणाल्या तुम्ही." त्या म्हणाल्या, "रागात मानूस काहीबी बोलते."

त्यांच्या देवघरात कारंज्याहून आणलेली दत्ताची तसबीर आहे. पायाशी चार कुत्री. ते चार वेद, असं त्या नातवंडांना सांगतात. पाचवा दारात पडलेला असतो, त्याच्याबद्दल शास्त्रात काही आलेलं नाही.

पितृपक्षात मात्र शास्त्र पूर्णपणे ढेप्याच्या बाजूनं असतं. जेवणाआधी घास काढायचे ते गाईला, कावळ्याला, कुत्र्याला. गाय शोधत फिरावं लागतं. कावळ्याचं तर विचारूच नका. गच्चीवर पान ठेवून, हात जोडून, गेलेल्या माणसाच्या राहिलेल्या इच्छा एकेक आठवून झाल्या तरी तो पलीकडच्या तारेवर बसून चोच पुसतो. आमच्याकडचे पितर त्यामुळे बहुतेक ढेप्याच्या मार्फतच जेवतात. तो वेळेवर येतो, मान वर न करता जेवतो, वडा पहिल्यांदा उचलतो. तेही भाद्रपदात, ज्या महिन्यात कुत्र्यांना एरवी श्वास घ्यायला फुरसत नसते.

अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरच्यांना सांगून पटत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि मग कूलरखालची वस्ती जागी होते. खिडकीला लावलेला लोखंडी कूलर बाहेरून गळतच असतो. वाळ्याच्या ताट्यांमधून झिरपलेलं पाणी खालच्या मातीत मुरतं. ढेप्यानं तिथं पुढच्या पायांनी खड्डा केलेला आहे, बरोबर त्याच्या पोटाच्या मापाचा. तो आधी त्यात एक पाय घालून ओल तपासतो, मग गोल फिरतो, मग पोट टेकतो आणि चारी पाय चार दिशांना सोडतो. अधूनमधून वरून एक थेंब त्याच्या कपाळावर पडतो. तो डोळा उघडत नाही, फक्त कान हलवतो. आत पलंगावर घरची माणसंही याच अवस्थेत असतात. गेल्या उन्हाळ्यात दिरांनी कूलरची गळती बंद करायला मिस्त्री आणला, तर आत्याबाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला. कारण विचारलं तर, "गळू द्या. लोखंड थंडं रायते."

अकोला ते अमरावती हा माझा नेहमीचा रस्ता. पूर्वी त्याला सहा नंबरचा हायवे म्हणायचे. खड्डे इतके की कुत्री रस्त्याच्या मधोमध निर्धास्त बसायची, कारण गाडी येते आहे हे कळल्यावरही उठायला, आळस द्यायला आणि बाजूला व्हायला भरपूर वेळ मिळायचा. मग २०२२ च्या जून महिन्यात लोणी ते माना असा, एका लेनच्या हिशेबानं ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झाला. गिनीज बुकात नाव गेलं, आम्ही सगळ्यांनी एकमेकांना व्हिडिओ पाठवले, अभिमान वाटला, अजूनही वाटतो. कुत्र्यांना मात्र कोणी कळवलं नाही. जुन्या खड्ड्यांच्या हिशेबानं ती उठतात, आळस देतात, आणि तेवढ्यात... मी त्या रस्त्यानं जाताना हल्ली डावीकडे बघत नाही. मूर्तिजापूरला चहाला थांबते. तिथल्या टपरीवर एक तीन पायांची कुत्री आहे. पारले-जी दिलं तर खात नाही, चहात बुडवून दिलं तर खाते. टपरीवाला म्हणतो, "आमची नाही, मॅडम." बशी मात्र तिची वेगळी ठेवलेली असते.

अमरावतीची कुत्री अकोल्याच्या मानानं जरा शहाणी, असं मी माहेरच्या अभिमानानं म्हणते आणि अकोल्यात कोणी ऐकत नाही. संध्याकाळी गिला वड्याच्या गाडीखाली जी बसतात त्यांचा संयम बघण्यासारखा आहे. ओरडणं नाही, ओरबाडणं नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे मात्र अशी बघतात की शेवटचा वडा आपण एकट्यानं खाल्ला तर घरी जाऊन झोप येणार नाही. जिल्ह्यात चांदूरबाजारकडे थंडीत बहिरमची यात्रा भरते. हंडीतलं मटण आणि रोडगे यांच्यासाठी लांबून लांबून लोक येतात. बहिरम म्हणजे भैरव, भैरवाचं वाहन कुत्रा. तिथल्या कुत्र्यांच्या चालीतच तो अधिकार दिसतो. यजमानाच्या घरच्यांना आमंत्रण लागत नाही.

आणि अमरावती म्हणजे गाडगेबाबांचं गाव. शेंडगावला जन्मले, २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ त्यांनी देह ठेवला, समाधी गाडगेनगरात आहे. अंगावर चिंध्या असलेला माणूस दिसला की कुत्री भुंकतात. हा त्यांचा फार वाईट दोष आहे, आणि माणसांकडून उचललेला आहे, असं माझं मत. बाबांवर गावोगावची कुत्री भुंकली असणारच. तरी त्यांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय सांगितलेलं आहे. हे मी एकदा आमच्याकडे वीजमीटर पाहायला आलेल्या मुलाला समजावून सांगितलं. तो फाटकाबाहेर बॅग पोटाशी धरून उभा होता, आणि आत आमची तीन. तो म्हणाला, "मॅडम, हे मुके कुठी आहेत?"

तर असं सगळं सुखात चाललं होतं. मालक कोणी नाही आणि उपाशीही कोणी नाही. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा विषय हातात घेतला. ११ तारखेला दिल्लीतली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवा म्हणाले. २२ तारखेला त्यात बदल झाला: नसबंदी करा, लस द्या आणि जिथून धरली तिथंच परत सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी वगळून, आणि खाऊ घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. हे दिल्लीपुरतं न राहता साऱ्या देशाला लागू झालं. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री हलवून परत तिथं सोडू नका, असाही आदेश आला. माहेरच्या कॉलनीत यावर मीटिंग बोलावली गेली. विषय एकच, खाऊ घालायची जागा.

अध्यक्षस्थानी निवृत्त तहसीलदार काका. त्यांनी भटक्या कुत्र्यांबद्दलचे २०२३ चे नियम वाचून दाखवले: जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून, जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर हवी. एकजण म्हणाले, मग बडनेरा. हशा झाला. काकांनी सुरुवातीलाच विचारलं, "कुत्र्यांना नियमित खाऊ घालणारे कोण कोण आहेत, हात वर करा." माझा एकटीचा वर. बाकी सगळे छताकडे बघत होते.

मग ले-आउटमधल्या ओपन स्पेसचा प्रस्ताव आला. कोपऱ्यावरच्या काकू उठल्या. "माझा कुत्र्यांना विरोधच आहे, हे आधी लिहून घ्या. पण ओपन स्पेसमध्ये पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो. जेवतील कुठं ती?" दुसरे म्हणाले, "आपला काही संबंध नाही, पण ती लंगडी तिथवर जाईल कशी? रस्ता ओलांडावा लागते." तिसऱ्यांनी सांगितलं की काळ्याचं आणि पांढऱ्याचं पटत नाही, दोघांना एका जागी वाढलं तर रोज मारामारी होईल, आणि तपकिरीला तिखट चालत नाही. एवढी माहिती कुठून आली, असं काकांनी विचारलं तर तिसरे म्हणाले, "खिडकीतून दिसते." ट्रान्स्फॉर्मरची जागा धोक्याची ठरली, मंदिरामागची अंधाराची ठरली. शेवटी जागा ठरली नाही, कमिटी झाली. कमिटीत मला घेतलं नाही, कारण मी पक्षपाती आहे.

मला हसू येत होतं, तरी विषय हसण्याचा नाही हेही कळत होतं. ज्याच्या लेकराला कुत्रं चावलंय त्याच्यापुढे कुत्र्यांच्या डोळ्यांतल्या भावाबद्दल बोलणं मला जमत नाही, आणि जमूही नये. आमच्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शनांची दहशत होती, आता लस दंडात देतात, पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की आजही माणूस हाती लागत नाही. म्हणून कुत्र्याला लस हवीच. लाळेतला विषाणू प्रेमानं मरत नाही. हे मी आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग ने त्याले. मी काही येणार नाही." दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तयार होऊन ऑटोत बसल्या होत्या, मांडीवर ढेप्या, ढेप्याच्या तोंडाला आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याची पट्टी.

अकोल्यात पशुवैद्यकाची मोठी स्नातकोत्तर संस्था आहे, त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरांची वाण नाही. आम्ही गेलो तो दवाखाना लहानसाच होता. डॉक्टर तरुण, हातात कार्ड. प्राण्याचं नाव: ढेप्या. जात: देशी. वय?

"मागच्या पोळ्याले एवढंसं होतं," आत्याबाईंनी हातानं दाखवलं.

"खातो काय?"

"खात काय असन? जे भेटन थे." मग जरा थांबून, "सकाळी दुधात पोळी. दुपारी वरणभात, वरणात मीठ कमी. कांदा टाकत नाही मी, कुत्र्याले चालत नाही म्हनते हे सूनबाई. चतुर्थीले उसळ खाते, पन मिरची वेचून टाका लागते. अन् रात्री भाकर, भाकरीले थोडंसं तूप."

"म्हणजे मालक तुम्हीच." डॉक्टरांनी पेन टेकवलं.

"नाही वो डॉक्टरसाहेब! आमचं कायचं? गल्लीचं आहे."

रकाना रिकामा चालत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आत्याबाईंनी क्षणभर विचार केला आणि समोर राहणाऱ्या काकूंचं नाव सांगितलं, मोबाईल नंबरासकट. या काकू म्हणजे ढेप्या रात्री भुंकतो म्हणून गल्लीत सगळ्यात जास्त बोंब मारणाऱ्या. मी काही बोलणार तेवढ्यात आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ढेप्याचा पाय धरून उभी राहिले. त्यानं सुई टोचल्यावर डॉक्टरांचा हात चाटला.

काही आठवड्यांनी काकू तावातावानं आल्या. मोबाईल आत्याबाईंच्या नाकासमोर. "हे पाहा! 'आपल्या ढेप्याचा पुढचा डोस.' माह्या कायचा थो?"

"मंग काय माह्या आहे का?" आत्याबाई भाजी निवडत म्हणाल्या.

काकूंनी मेसेज पुन्हा वाचला. तारीख बघितली. "सोमवारी तर शेवटचा श्रावण सोमवार आहे. कावडी राहतीन, ऑटो भेटनार नाही." थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. "मंगळवारी जाऊ. पैसे अर्धे अर्धे. अन् त्याले मांगं बसवजा, समोर बसला की ऑटोवाल्याचे कान चाटते."